अव्वल असताना दिलेला राजीनामा : केनी डॅल्ग्लिश, फेब्रुवारी १९९१

शुक्रवार, २२ फेब्रुवारी १९९१. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये लिव्हरपूल पहिल्या क्रमांकावर आहे. आदल्या मोसमाचं विजेतेपदही त्यांचंच. एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतलं आव्हान अजून शाबूत आहे. त्या दिवशी ॲनफिल्डवर, म्हणजे क्लबच्या मैदानावर, पत्रकार परिषद होते आणि चाळिशीला दहा दिवस कमी असलेला मॅनेजर सांगतो, मी जातोय. दुसरा क्लब नाही, भांडण नाही, पैशाचा वाद नाही.

प्रकरण अभ्यासात सहसा नावं झाकतात. इथे नावं झाकून काही साधणार नाही. सगळं जगजाहीर आहे, आणि त्या माणसाने स्वतः नंतर त्यावर बरंच मोकळेपणाने बोलून ठेवलं आहे. त्यामुळे नावानिशीच बोलू. राजीनामा बरोबर की चूक यावर तीस वर्षं खल झाला. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या दोनच दिवस आधी मैदानाच्या कडेला जे घडलं, किंवा खरं तर घडलंच नाही, ते.

पार्श्वभूमी

केनी डॅल्ग्लिश ग्लासगोचा. जन्म ४ मार्च १९५१. वाढला रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानाच्या आसपास, मनाने पक्का रेंजर्सवाला. आणि त्याला उचललं कुणी, तर रेंजर्सच्या शहरातल्याच कट्टर प्रतिस्पर्ध्याने, सेल्टिकने. सेल्टिकचा माणूस घरी आला तेव्हा पोराने भिंतीवरची रेंजर्सची चित्रं घाईघाईने काढली, हा किस्सा ग्लासगोत अजून सांगतात. सुरुवातीला फुटबॉलबरोबर सुतारकामाची उमेदवारीही चालू होती.

सेल्टिकचे मॅनेजर जॉक स्टीन यांच्या हाताखाली तो घडला. चार लीग विजेतेपदं मिळाली. मग ऑगस्ट १९७७ मध्ये लिव्हरपूलने ४ लाख ४० हजार पौंड मोजून त्याला नेलं. ब्रिटिश क्लबांमधल्या व्यवहाराचा तो तेव्हाचा विक्रम. केव्हिन कीगन हॅम्बुर्गला गेला होता आणि त्याची सात नंबरची जर्सी रिकामी होती.

त्याचा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी एकच गोल सांगतो. मे १९७८, वेम्बली, युरोपियन कपचा अंतिम सामना, समोर क्लब ब्रुग. ग्रॅमी सूनेसने बचावाच्या फटीतून चेंडू सरकवला. गोलरक्षक झेपावत पुढे आला. डॅल्ग्लिशने पाय मागे घेतला आणि क्षणभर थांबला. गोलरक्षक जमिनीवर पडू लागला तेव्हा त्याच्यावरून अलगद चेंडू उचलून आत टाकला. लिव्हरपूलने सामना १-० ने जिंकला. तो क्षणभराचा थांबा हीच त्याची ओळख. बाकीचे पायाने घाई करायचे, हा डोक्याने वेळ काढायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सूनेसचं नावही लक्षात ठेवा.

स्कॉटलंडसाठी १०२ सामने, ३० गोल. लिव्हरपूलकडून तीन युरोपियन कप. खेळाडू म्हणून आणखी काही सिद्ध करायचं उरलं नव्हतं.

२९ मे १९८५ ला ब्रुसेल्सच्या हेसेल मैदानात युव्हेंटसविरुद्धच्या अंतिम सामन्याआधी चेंगराचेंगरी झाली आणि ३९ जण गेले. मॅनेजर जो फेगन निवृत्त होणार होते, ते खचलेल्या अवस्थेत परतले. त्यांच्या जागी क्लबने ३४ वर्षांच्या डॅल्ग्लिशला नेमलं. तेही खेळाडू-मॅनेजर म्हणून, म्हणजे संघ निवडायचाही आणि मैदानात उतरायचंही. सल्ल्याला जुने मॅनेजर बॉब पेझली होते. पहिल्याच मोसमात लीग आणि एफए कप, दोन्ही. लीग ज्या गोलवर पक्की झाली तो चेल्सीविरुद्धचा गोलही याचाच. पुढे १९८८ आणि १९९० मध्ये पुन्हा लीग. वर्षाचा सर्वोत्तम मॅनेजर तीनदा. कागदावर पाहिलं तर ही कारकीर्द म्हणजे नुसती चढती कमान.

अडचण

१५ एप्रिल १९८९. शेफील्डचं हिल्सबरो मैदान, नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध एफए कपचा उपांत्य सामना. लेपिंग्ज लेनच्या बाजूला कुंपणाने बंद केलेल्या कप्प्यांमध्ये माणसं चिरडली गेली. तीनला सुरू झालेला सामना सहा मिनिटांत थांबला. मृतांचा आकडा अखेरीस ९७ वर गेला. डॅल्ग्लिशचा मुलगा पॉल त्या दिवशी मैदानातच होता. तो सुखरूप आहे हे कळेपर्यंतची मिनिटं बापाने कशी काढली असतील ते वेगळं सांगायला नको. त्यानंतर त्यानेच ध्वनिक्षेपकावरून लोकांना शांत राहायचं आवाहन केलं.

पुढचे आठवडे मला या प्रकरणाचा गाभा वाटतात. ॲनफिल्डचे दरवाजे उघडले. लोक आले, फुलं ठेवत गेले. गोलमागचा कॉप स्टँड भरला, मग गोलचा भाग भरला, मग फुलं मैदानाच्या मध्यापर्यंत आली. स्टॅनली पार्क ओलांडून शहरातल्या दुसऱ्या क्लबच्या, एव्हर्टनच्या मैदानापर्यंत लाल-निळ्या मफलरांची साखळी बांधली गेली. खेळाडूंच्या बायका क्लबमध्ये बसून नातेवाइकांना चहा देत होत्या, त्यांचं ऐकून घेत होत्या. डॅल्ग्लिशची बायको मरीना त्यांतलीच. प्रत्येक अंत्यविधीला क्लबचं कुणी ना कुणी असेल याची काळजी घेतली गेली. एका दिवशी डॅल्ग्लिश दांपत्य चार ठिकाणी गेलं. एका दिवसात चार.

मॅनेजरच्या कामाच्या यादीत हे नसतं. ते त्याने मागून घेतलंही नाही आणि टाळलंही नाही. शहराला कुणीतरी उभं राहिलेलं दिसायला हवं होतं, तो राहिला. मे महिन्यात एव्हर्टनला हरवून कप जिंकला. सहाच दिवसांनी आर्सेनलने ॲनफिल्डवर, शेवटच्या मिनिटाच्या गोलने, लीग हिरावून नेली. पुढच्या वर्षी ती परत मिळवली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं, गाडी रुळावर आली.

याच माणसाचा आणखी एक हिशेब आहे, जो तेव्हा फारसा कुणी मांडला नाही. २ जानेवारी १९७१ ला आयब्रॉक्सच्या जिन्यावर ६६ जण चेंगरून मेले, त्या दिवशी सेल्टिकचा हा तरुण खेळाडू स्टँडमध्ये होता. हेसेलला तो मैदानात होता. हिल्सबरोला बाकावर. एका आयुष्यात तीन. चाळिशीही आली नव्हती.

शरीर आधी बोलायला लागलं. अंगावर चट्टे उठू लागले, त्यासाठी इंजेक्शनं सुरू झाली. घरी मुलांवर उगाच खेकसणं वाढलं. सामन्याच्या दिवशी डोकं फुटेल असं वाटायचं, हे त्याने नंतर स्वतः सांगितलं. १९९० च्या उन्हाळ्यातच सोडून द्यावं असं त्याच्या मनात होतं, तरी तो थांबला. या थांबण्याकडे मी पुढे परत येणार आहे.

बुधवारची रात्र

२० फेब्रुवारी १९९१. एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवर एफए कपच्या पाचव्या फेरीचा फेरसामना. बारा दिवसांत या दोन शेजाऱ्यांची ही तिसरी गाठ. आधी लीगमध्ये लिव्हरपूल ३-१ ने जिंकलं होतं, मग कपमध्ये ०-० झालं.

बीअर्ड्स्लीने पहिला गोल केला, एव्हर्टनच्या शार्पने बरोबरी साधली. बीअर्ड्स्लीने पुन्हा आघाडी दिली, शार्पने पुन्हा फेडली. मग इयान रशचा हेडर, ३-२. सामना संपायला थोडीच मिनिटं उरलेली असताना एव्हर्टनने टोनी कॉटीला उतरवलं आणि त्याने अगदी अखेरच्या क्षणी ३-३ केलं. जादा वेळेत जॉन बार्न्सने डावीकडून आत येत उजव्या पायाने चेंडू असा वळवला की तो लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसला. ४-३. आणि कॉटीने चौथ्यांदा बरोबरी केली. ४-४.

प्रेक्षकांसाठी याहून भारी रात्र नाही. या सामन्याच्या आठवणी आजही दोन्ही बाजूंचे लोक चवीने काढतात.

बाकावर मात्र वेगळंच चाललं होतं. आघाडी घेतल्यावर बचाव घट्ट करायला हवा, यान मॉल्बीला मागे ओढायला हवं, हे डॅल्ग्लिशला दिसत होतं. संदिग्धता काहीच नव्हती. काय करायचं ते कळत होतं, कसं करायचं तेही. फक्त हाक मारायची होती. ती त्याने मारली नाही. तसाच उभा राहिला, आणि बरोबरी होताना पाहिली.

फुटबॉलमध्ये मॅनेजर चुकीचे बदल करतात, ते रोजचंच. उशिरा करतात, तेही. पण उत्तर हातात असताना ते उच्चारण्याइतकंही बळ गोळा न होणं हा वेगळा मामला आहे. आणि हे त्या माणसाच्या बाबतीत, ज्याची सगळी ख्याती ‘समोरच्याच्या आधी ठरवतो’ याच्यावर उभी होती. वेम्बलीवर गोलरक्षक पडेपर्यंत तो थांबला होता, कारण पुढे काय करायचं ते पक्कं होतं. गुडिसनवरही तो थांबला होता. यावेळी त्या थांबण्याच्या पुढे काहीच नव्हतं.

समोरच्या वाटा

गुरुवारी सकाळी तो संचालकांसमोर बसला. आज मागे वळून पाहिलं तर त्याच्यापुढे चार वाटा दिसतात.

पहिली, मोसम संपेपर्यंत रेटणं. मे महिना तीन महिन्यांवर होता, संघ अव्वल होता. क्लबच्या दृष्टीने हेच सोयीचं, आणि संचालकांनी त्याला थांबवायचा खूप प्रयत्न केला. पण बुधवारी जे झालं ते पाहता ही वाट धोक्याची होती, त्याच्यासाठीही आणि संघासाठीही. जो एक बदल सांगू शकत नाही त्याने विजेतेपदाची शर्यत कशी चालवायची?

दुसरी, मोठी रजा. रॉनी मोरन आणि रॉय एव्हन्स ही बूट रूममधली, म्हणजे क्लबच्या प्रशिक्षकांच्या खोलीतली, मुरलेली माणसं हाताशी होती. महिना-दोन महिने त्यांनी गाडी हाकली असती. अडचण अशी की १९९१ मध्ये मनाच्या थकव्यासाठी मॅनेजरने रजा घेणं ही कल्पनाच रूढ नव्हती. पाय मोडला तर प्लास्टर घालून मिरवता यायचं. डोकं थकलं म्हणजे काय, हे वर्तमानपत्रांना समजावत बसावं लागलं असतं, आणि रोज पहिल्या पानावर ‘कधी येणार’ हा प्रश्न छापून आला असता. तशी रजा म्हणजे विश्रांती नव्हे.

तिसरी, काम वाटून घेणं. तेव्हाचा इंग्लिश मॅनेजर संघ निवडायचा, खेळाडू विकत घ्यायचा, त्यांच्या रुसव्याफुगव्यांना तोंड द्यायचा आणि पत्रकारांनाही. सराव आणि सामने दुसऱ्याकडे देऊन आपण खरेदी-विक्रीपुरतं राहायचं, अशी सोय करता आली असती. गंमत म्हणजे पुढे ब्लॅकबर्नमध्ये त्याने जवळपास हेच केलं. तिथे रोजचा सराव रे हारफोर्ड पाहायचा.

चौथी, सरळ निघून जाणं.

त्याने चौथी निवडली. माझ्या मते त्या गुरुवारी त्याला बाकीच्या तीन वाटा दिसतच नव्हत्या. अतिथकलेल्या माणसाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच सुचतं. मधले पर्याय शोधायलाही ताकद लागते. ते शोधून त्याच्यासमोर मांडायचं काम दुसऱ्या कुणाचं तरी असायला हवं.

काय केलं

पत्रकार परिषद छोटी होती. त्याने कुणालाही दोष दिला नाही. ताण मी स्वतःच स्वतःवर टाकत आलो, आणि सामन्याच्या आधीचा-नंतरचा तो ताण आता पेलवत नाही, असा त्याचा सूर होता. हिल्सबरोचा आधार त्याने कारण म्हणून घेतला नाही. कदाचित तेव्हा त्यालाही तो धागा पुरता दिसत नसेल. कदाचित मृतांच्या नावाने आपली सुटका करून घेणं त्याला पटलं नसेल. त्यामुळे लोकांना कारण पुरेसं वाटलं नाही आणि जिथे कारण अपुरं तिथे अफवा. काही दिवस त्या भरपूर उडाल्या.

दुसऱ्याच दिवशी ल्युटनच्या प्लॅस्टिकच्या मैदानावर लिव्हरपूल ३-१ ने हरलं. त्यानंतरच्या बुधवारी एव्हर्टनने दुसऱ्या फेरसामन्यात १-० ने कपमधून बाहेर काढलं. त्यानंतरच्या रविवारी ॲनफिल्डवर आर्सेनल १-० ने जिंकलं. नऊ दिवसांत तीन पराभव. लीग आर्सेनलने नेली, लिव्हरपूल दुसरं आलं.

हंगामी सूत्रं मोरनकडे होती. १६ एप्रिलला क्लबने नवा मॅनेजर जाहीर केला : ग्रॅमी सूनेस. वेम्बलीवर तो पास देणारा.

पुढे काय झालं

डॅल्ग्लिश कुटुंबासह सुट्टीवर गेला. काही आठवडे फुटबॉलपासून लांब राहिल्यावर डोक्यातला गोंगाट निवला. उन्हाळा येईपर्यंत त्याला परत काम करावंसं वाटू लागलं होतं. लिव्हरपूलने त्या उन्हाळ्यात बोलावलं असतं तर मी गेलो असतो, असं त्याने नंतर स्वच्छ सांगितलं आहे. पण खुर्ची केव्हाच भरली होती. राजीनामा आणि नवी नेमणूक यांत ५३ दिवसांचं अंतर होतं.

ऑक्टोबर १९९१ मध्ये तो ब्लॅकबर्न रोव्हर्सला गेला. क्लब दुसऱ्या श्रेणीत होता, पण पोलादाच्या धंद्यात पैसा कमावलेले जॅक वॉकर पाठीशी होते. त्याच मोसमात बढती मिळाली. ॲलन शिअरर आला, नंतर ख्रिस सटन. लीगमध्ये चौथा क्रमांक, मग दुसरा, आणि मग १४ मे १९९५. शेवटचा सामना योगायोगाने ॲनफिल्डवर. ब्लॅकबर्न तिथे २-१ ने हरलं, पण तिकडे वेस्ट हॅमने मँचेस्टर युनायटेडला १-१ वर रोखलं आणि ८१ वर्षांनी ब्लॅकबर्नला लीग मिळाली. यजमान प्रेक्षकांनी पाहुण्या मॅनेजरसाठी जल्लोष केला. असं दृश्य फुटबॉलमध्ये फार वेळा दिसत नाही.

त्यानंतरचं थोडक्यात. न्यूकॅसलला पुन्हा कीगनच्याच जागी, आणि ऑगस्ट १९९८ मध्ये हकालपट्टी. सेल्टिकमध्ये छोटा मुक्काम. जानेवारी २०११ मध्ये, तब्बल वीस वर्षांनी, पुन्हा लिव्हरपूलची सूत्रं. २०१२ मध्ये लीग कप मिळाला, लीगमध्ये आठवा क्रमांक आला आणि मे महिन्यात क्लबने त्याला काढलं. पुढच्याच वर्षी संचालक म्हणून परत घेतलं. २०१७ पासून ॲनफिल्डच्या एका स्टँडला त्याचं नाव आहे, २०१८ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला.

लिव्हरपूलचं काय? १९९० नंतरची पुढची लीग २०२० मध्ये आली. तीस वर्षं. याचं सगळं खापर एका शुक्रवारवर फोडणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. मधल्या काळात बरेच मॅनेजर येऊन गेले, पैशाची गणितं बदलली, संघ म्हातारा झाला होता. खरेदीतल्या चुका डॅल्ग्लिशच्या शेवटच्या मोसमापासूनच दिसत होत्या.

वेगळं काय करता आलं असतं

राजीनाम्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. बुधवारच्या अनुभवानंतर दोन दिवसांत खुर्ची सोडणारा माणूस प्रामाणिकच म्हणायला हवा. वाद घालायचाच असेल तर त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन जागांबद्दल घालू.

आधीची जागा १९९० चा उन्हाळा. लीग जिंकलेली होती, १ मेला डर्बीविरुद्ध तो शेवटचा मैदानात उतरला होता. म्हणजे खेळाडूपण तेव्हाच संपलं. तिथेच मॅनेजरपणही सहा महिन्यांसाठी बाजूला ठेवता आलं असतं. मोसमांच्या मधला काळ, हातात चषक, कुणाला जाब द्यायचा नाही. याहून बरा मुहूर्त नव्हता. पण जिंकल्यावर कुणी थांब म्हणत नाही. क्लबला चषक दिसत होता, त्यालाही बहुधा चषकच दिसत असावा. चट्टे आणि चिडचिड घरच्यांना दिसत होती, आणि घरच्यांना क्लबमध्ये कुणी विचारत नव्हतं.

यात त्याचाही वाटा आहेच. तो अबोल माणूस. पत्रकारांना एका ओळीत वाटेला लावायचा, आणि तीच सवय बहुधा जवळच्या माणसांशीही असणार. अशा माणसाला ‘कसा आहेस?’ विचारलं तर ‘बरा आहे’ हेच उत्तर येणार. विचारायचं ते दुसरं : झोप लागते का, सामन्याच्या आदल्या रात्री काय होतं, गेल्या महिन्यात किती सुया घेतल्या.

नंतरची जागा एप्रिल १९९१. क्लबने घाई केली, असं मी म्हणेन, पण थोडं संभाळूनच. नेतृत्वाशिवाय मोसम चालवणं सोपं नसतं आणि सूनेसचं नाव तेव्हा चुकीचं वाटलं नव्हतं. तरीही मोरन होते, मोसम संपायला महिना उरला होता, आणि सोडून गेलेला माणूस आजारी होता, शत्रू नव्हता. मे अखेरीला एक फोन करून ‘आता कसं वाटतंय’ एवढं विचारायला क्लबचं काही जात नव्हतं.

आणि मॅनेजरच्या खुर्चीची किंमत फक्त डॅल्ग्लिशनेच मोजली असंही नाही. त्याचे गुरू जॉक स्टीन १० सप्टेंबर १९८५ ला कार्डिफमध्ये स्कॉटलंडच्या सामन्याच्या शेवटी मैदानाच्या कडेलाच कोसळले आणि तिथेच गेले. डॅल्ग्लिशला मॅनेजर होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. आणि सूनेस? लिव्हरपूलमध्ये पहिलं वर्ष पुरं होता होताच, एप्रिल १९९२ मध्ये, त्याच्यावर हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. त्याच्या आजारपणातही बाकावर रॉनी मोरनच बसले, आणि मे महिन्यात वेम्बलीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात संघाच्या पुढे चालत तेच मैदानात आले. म्हणजे मॅनेजर बाजूला असताना मोरन गाडी चालवू शकतात, हे क्लबला एका वर्षाने पटलं.